‘अन’, ‘इन’, ‘डिस’, ‘नॉन’: उलटा अर्थ शिकवण्याचा हट्ट सोडा

जुलै 2023 मध्ये आयकर विभागाला एक चमत्कारिक खुलासा करावा लागला. आधारशी न जोडलेले पॅन 1 जुलैपासून ‘इनऑपरेटिव्ह’ ठरले होते. परदेशात राहणाऱ्या अनेक भारतीयांनी त्याचा अर्थ ‘पॅन बाद झाले’ असा घेतला आणि आता विवरणपत्र कसे भरायचे या काळजीत पडले. विभागाने कळवले, इनऑपरेटिव्ह पॅन म्हणजे इनॲक्टिव्ह पॅन नव्हे. विवरणपत्र भरता येते. अडणार होते ते वेगळेच. परतावा मिळत नाही, त्या काळाचे परताव्यावरचे व्याज मिळत नाही आणि टीडीएस-टीसीएस चढ्या दराने कापला जातो. 1000 रुपये शुल्क भरून आधार जोडले की 30 दिवसांत पॅन पुन्हा चालू.

दोन्ही शब्दांना ‘इन’ लागलेला, आणि ‘ऑपरेटिव्ह’ काय किंवा ‘ॲक्टिव्ह’ काय, दोघेही ‘चालू’च्या घरचे. शाळेतला नियम लावला की दोन्हींचे उत्तर एकच येते: बंद. तो नियम सगळ्यांना पाठ आहे. शब्दाआधी अन, इन, डिस किंवा नॉन लावायचे की विरुद्धार्थी शब्द हाती. हॅपी-अनहॅपी, पॉसिबल-इम्पॉसिबल, ऑनेस्ट-डिसऑनेस्ट. शाळेच्या स्वाध्यायापासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत हीच यादी फिरत असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे हा नियम घोकू शकते. ‘उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा’ हा प्रश्नप्रकार बंद करावा, असे माझे मत आहे. तो अपुरा असता तर चालवून घेता आला असता. तो चुकीचा आहे, आणि ही चूक शाळेत एका गुणाची असली तरी पुढे जामिनाच्या अर्जात, सोनोग्राफीच्या रिपोर्टात आणि कर्जाच्या कागदात भरून द्यावी लागते.

मराठी वाचकाला खरे तर हे पटवून द्यावे लागू नये. ‘नञ् तत्पुरुष’, म्हणजे अ किंवा अन् लावून नकार दाखवणारा समास, आपण शाळेतच शिकतो, आणि संस्कृत व्याकरणपरंपरेने या नञ्‌चे अर्थ सहा मोजले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. विरोध हा सहांतला फक्त एक. तो ‘अधर्म’मध्ये आहे. ‘अमराठी’ माणूस मराठीच्या विरुद्ध नसतो, नुसता दुसरा असतो. ‘अकाली’ आलेल्या पावसाला काळ असतोच, पण नको तो. ‘अनुदरा’ कन्येला पोट असते, बारीक असते इतकेच. आणि ‘अमूल्य’ वस्तू कवडीमोल नसते. तिचे मोल करता येत नाही. इंग्रजी ‘इन्व्हॅल्युएबल’ अगदी ‘अमूल्य’च्याच चालीवर चालतो, तरी ‘व्हॅल्युएबल’च्या उलट तो, म्हणून त्याचा अर्थ ‘निरुपयोगी’ लावणारे कमी नाहीत.

हे उपसर्ग आपल्याला परकेही नाहीत. संस्कृतातला अ/अन्, ग्रीकमधला अ/अन, लॅटिनमधला इन आणि इंग्रजीचा स्वतःचा अन ही एकाच मुळाची रूपे आहेत. ‘अज्ञात’ आणि ‘अननोन’ तर अवयवागणिक सख्खे भाऊ: अ तो अन, ज्ञा तो नो. ‘नो’ लिहिताना जो मुका ‘के’ आधी लिहावा लागतो, तो आपल्या ज्ञ मधल्या ज चाच इंग्रजी जोडीदार. घरात सहा अर्थांचा हिशेब असताना आपण इंग्रजी शिकवायला बसलो आणि पाच हिशेबातून वगळले.

सर्वांत मोठा गोंधळ ‘नॉन’चा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. नॉन हा अलिप्त उपसर्ग. तो कुणाला बरेवाईट म्हणत नाही, दोन टोके उभी करत नाही. एक वर्ग आखतो आणि त्याबाहेरचे सगळे एका शब्दात गोळा करतो. म्हणजे शुद्ध अन्यत्व. याचा उत्तम पुरावा आपल्या फौजदारी कायद्यातच आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केलेली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तशीच ठेवलेली व्याख्या अशी: पहिल्या अनुसूचीत किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्यात जो गुन्हा ‘बेलेबल’ ठरवला आहे तो बेलेबल, आणि ‘नॉन-बेलेबल’ म्हणजे इतर कोणताही गुन्हा. बस्स, एवढेच. ‘ज्यात जामीन मिळत नाही तो’ असे कायदा कुठेही म्हणत नाही.

फरक आहे तो हक्काचा. बेलेबल गुन्ह्यात आरोपीने जामीन द्यायची तयारी दाखवली की पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही त्याला सोडावे लागते. नव्या संहितेचे कलम 478 तसे सांगते. नॉन-बेलेबल गुन्ह्यात असा हक्क नसतो, जामीन न्यायालयाच्या विवेकावर असतो. दंडाधिकारी कलम 480 खाली आणि सत्र किंवा उच्च न्यायालय कलम 483 खाली तो देऊ शकते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचे हात बरेच बांधलेले असतात, पण तिथेही स्त्री, बालक, आजारी किंवा अशक्त व्यक्तीसाठी अपवाद आहे. जुन्या दंड संहितेतली कलम 379 ची साधी चोरी, जिला जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा होती, तीसुद्धा नॉन-बेलेबलच होती. आणि सगळ्यांत बोलका मुद्दा असा, की अटकपूर्व जामीन मागता येतो तो फक्त नॉन-बेलेबल गुन्ह्याच्या आरोपात अटक होईल अशी भीती असेल तरच. ज्या गुन्ह्याला जामीनच नाही असे लोक समजतात, त्याच गुन्ह्यांसाठी कायद्याने अटकेच्या आधीचा जामीन ठेवला आहे.

मराठीत याचे ‘अजामीनपात्र’ झाले आणि वर्तमानपत्रांनी ते घरोघरी पोचवले. ‘पात्र’ला ‘अ’ लागला की मराठी कानाला ‘लायकच नाही’ असेच ऐकू येते. मग अटक झालेल्याच्या घरच्यांचा धीर सुटतो, वेळेवर अर्ज होत नाही, आणि ‘आतून जमवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाचे फावते. उलट बाजूने, न्यायालयाने रीतसर जामीन दिला की ‘अजामीनपात्र गुन्ह्यात सुटला कसा?’ म्हणून गावभर संशय. ‘विवेकाधीन जामिनाचा गुन्हा’ हा शब्दप्रयोग लांब आहे, कबूल. पण तो खोटे बोलत नाही.

‘नॉन-कॉग्निझेबल’ची गत तशीच. त्याचे ‘अदखलपात्र’ झाले, आणि दखल म्हणजे लक्ष देणे ही रोजच्या मराठीतली समजूत असल्यामुळे एनसी म्हणजे पोलिसांनी कानाआड केलेली तक्रार, असे समीकरण बसले. कायद्याचा अर्थ आटोपशीर आहे: या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करण्याचा आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. माहिती नोंदवून घेणे आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगणे मात्र त्यांचे काम आहे. नव्या संहितेच्या कलम 174 नुसार अशा नोंदींचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा. हे माहीत असलेला तक्रारदार पुढचे पाऊल टाकतो. माहीत नसलेला एनसीची प्रत घडी घालून खिशात ठेवतो.

नॉनची अलिप्तता ओळखायची एक सोपी चाचणी आहे. शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी अनप्रोफेशनल’ सहज बसते, कारण तो ठपका आहे, आणि ठपका कमीजास्त असू शकतो. ‘व्हेरी नॉन-प्रोफेशनल’ अडखळते, कारण वर्गात असणे किंवा नसणे याला मात्रा नसते. हौशी नाटकमंडळी नॉन-प्रोफेशनल असतात आणि कमालीची शिस्तबद्धही असू शकतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 1938 मध्ये नेमलेली चौकशी समिती ‘अन-अमेरिकन’ कारवायांसाठी होती. तिने चौकशीला बोलावले ते बहुतांशी अमेरिकी नागरिकांनाच. तिथे ‘नॉन-अमेरिकन’ म्हटले असते तर विषयच बदलला असता. व्यवहारातला नॉनही असाच काटेकोर असतो. आपल्याकडे 0.5 टक्क्यापेक्षा जास्त मद्यार्क असेल तरच पेय ‘अल्कोहोलिक’ ठरते. म्हणून ‘नॉन-अल्कोहोलिक’ बाटलीत थेंबभरही मद्यार्क नसेल असे गृहीत धरता येत नाही. आणि ‘नॉन-क्रिमिलेयर’ प्रमाणपत्रात नॉन नुसत्या ‘क्रिमी’ला लागलेला नाही, ‘क्रिमी लेयर’ या अख्ख्या शब्दाला लागला आहे. दाखला सांगतो ते एवढेच, की हे कुटुंब त्या थरात मोडत नाही. ते गरीब असल्याचा तो दाखला नव्हे.

आता ‘अन’. याच्या पोटात दोन वेगळे उपसर्ग दडले आहेत, आणि शाळेला त्यातला एकच ठाऊक आहे. विशेषणाला लागतो तो नकाराचा अन: काइंड-अनकाइंड. क्रियापदाला लागतो तो केलेले उलटवण्याचा अन: टाय-अनटाय, पॅक-अनपॅक. हे दोघे दिसायला जुळे असले तरी मुळात वेगळे; दुसरा जर्मनमधल्या ‘एन्ट’चा नातेवाईक. मोबाइल हातात घेतलेल्या मुलाला हा दुसरा अन शाळेत जाण्याआधीच येतो: अनलॉक, अनडू, अनम्यूट, अनफॉलो, अनइन्स्टॉल. जून 2020 मध्ये सरकारचे ‘अनलॉक 1’ सुरू झाले तेव्हा त्याचा अर्थ कुणी कोशात शोधला नाही. पण स्वाध्यायात हा अन जवळजवळ नसतोच, आणि असला तरी ‘विरुद्धार्थी’च्या रांगेत उभा. अनलॉक हे लॉकच्या विरुद्ध नाही. ते लॉक झाल्यावरच करता येते. म्हणून तो सगळ्या क्रियापदांना लागतही नाही. ज्या क्रियेने वस्तूची स्थिती बदलते आणि ती पूर्ववत करता येते, तिलाच लागतो. गाणे ‘अनसिंग’ करता येत नाही.

दोन अन एकत्र आले की काय होते याचा नमुना म्हणजे ‘अनलॉकेबल’. ‘अन’ अधिक ‘लॉकेबल’ असे फोडले तर ज्याला कुलूप लागतच नाही असे दार. ‘अनलॉक’ अधिक ‘एबल’ असे फोडले तर ज्याचे कुलूप उघडता येते असे दार. एकच शब्द, आणि राहायला जाणाऱ्या भाडेकरूच्या दृष्टीने दोन अगदी वेगळी घरे. वर्गात हा एक शब्द फळ्यावर लिहून वीस मिनिटे चर्चा केली तर दोन पाने यादीपेक्षा जास्त इंग्रजी कळेल.

नकाराचा अनही नेहमी दुसऱ्या टोकापर्यंत जात नाही. हॅपी आणि अनहॅपी यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा आहे, जिथे आपण बहुतेक सगळे बहुतेक दिवस असतो; म्हणून ‘नॉट अनहॅपी’ म्हणजे हॅपी होत नाही. आणि काही शब्दांत तो मूळ शब्दाचा भलताच अर्थ पकडतो. ‘रिमार्केबल’ म्हणजे उल्लेखनीय, छान. मग ‘अनरिमार्केबल’ म्हणजे सुमार? सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टात एखादा अवयव अनरिमार्केबल आहे असे लिहिले असेल तर अर्थ असा, की त्यात नोंद घेण्याजोगे काही आढळले नाही. म्हणजे बातमी चांगली आहे. डिस्चार्ज कार्डावरचे ‘अनइव्हेंटफुल’ तसेच: शस्त्रक्रियेनंतर काही गुंतागुंत झाली नाही. ‘नॉन-पाल्पेबल’ म्हणजे हाताला लागत नाही. गाठ नाहीच, असे ते म्हणत नाही. आणि कोविडच्या घरगुती किटने ज्यांची परीक्षा घेतली त्यांना आठवत असेल: ‘सी’पाशी रेघ उमटली नाही, तर ‘टी’पाशी काहीही दिसो, चाचणी ‘इनव्हॅलिड’. ती निगेटिव्ह नसते, झालेलीच नसते. नवे किट घेऊन पुन्हा करायची. तिथे इनव्हॅलिडला निगेटिव्ह समजणारा माणूस निर्धास्तपणे चार घरे फिरून येऊ शकतो.

पैशाच्या कागदात तर ‘अन’ वाचकाला थेट उलट्या दिशेने नेतो. लेखापरीक्षकाचे ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ ऐकायला अपात्र माणसाने दिलेल्या मतासारखे वाटते. वास्तविक ते सर्वांत चांगले प्रमाणपत्र. इथे ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र होणे नव्हे, अट किंवा आक्षेप जोडणे. अनक्वालिफाइड म्हणजे बिनशर्त. ‘क्वालिफाइड’ मत आले की समजायचे, कुठेतरी पाणी मुरते आहे. त्याच्यापुढे ‘ॲडव्हर्स’ म्हणजे प्रतिकूल, आणि ‘डिस्क्लेमर’ म्हणजे पुरेसा पुरावाच न मिळाल्याने मत देण्यास नकार. हा शब्द इतक्यांना चकवतो की लेखापरीक्षणाच्या मानकांनी आता ‘अनमॉडिफाइड’ हा शब्द घेतला आहे. ठेवी ठेवण्याआधी पतसंस्थेचा अहवाल चाळणाऱ्याला जुन्या अहवालांत मात्र अनक्वालिफाइड भेटेलच.

‘क्वालिफाइड’चे दुसरे नकार पाहिले की ‘डिस’चे काम कळते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 173 मध्ये विधिमंडळ सदस्यासाठीच्या अर्हता आहेत: विधानसभेसाठी वय किमान 25, विधान परिषदेसाठी 30. अनर्हता वेगळ्या अनुच्छेदात, 191 मध्ये. आणि पक्षांतरावरून होणारी अनर्हता 1985 मध्ये आलेल्या दहाव्या अनुसूचीत. 23 वर्षांच्या उमेदवाराला अजून अर्हता आलेली नाही. 2 वर्षे किंवा जास्त शिक्षा झालेल्या आमदाराची अर्हता काढून घेतली जाते, आणि सुटकेनंतरही 6 वर्षे ती परत मिळत नाही. पहिल्याला दोन वर्षे थांबायचे आहे, दुसऱ्यावर ठपका आहे. बातम्यांत दोघेही ‘अपात्र’. कायद्याच्या मराठीत ‘अनर्हता’ हा नेमका शब्द असताना ‘अपात्र’ने तो खाऊन टाकला, याला आळसाशिवाय कारण दिसत नाही.

डिसचा हा मोडण्याचा, काढून घेण्याचा गुण आपल्या आधीच्या पिढ्यांनी अचूक ओळखला होता. 1920 च्या ‘नॉन-कोऑपरेशन’चे त्यांनी ‘असहकार’ केले: न्यायालये, महाविद्यालये, पदव्या यांतून हात काढून घेणे. 1930 च्या ‘सिव्हिल डिसओबिडियन्स’चे मात्र ‘सविनय अवज्ञा’ यापुढे जाऊन ‘सविनय कायदेभंग’ झाले. शिरोड्याला मीठ उचलणे किंवा पुसदला राखीव जंगलातले गवत कापणे हे नुसते न पाळणे नव्हते, ठरवून मोडणे होते. नॉनला ‘अ’ आणि डिसला ‘भंग’: त्या काळच्या कार्यकर्त्यांपुढे उपसर्गांचा तक्ता नव्हता, दोन लढ्यांतला फरक होता.

‘डी’लाही असाच न्याय एकदा मिळाला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार म्हणून अधिसूचित केले होते, त्यांची अधिसूचना 31 ऑगस्ट 1952 रोजी उठली. इंग्रजीत त्या ‘डीनोटिफाइड’. शब्दशः ‘अनधिसूचित’ म्हटले असते तर कधीच यादीत नव्हत्या असा अर्थ निघाला असता आणि ऐंशी वर्षांचा छळ शब्दातून पुसला गेला असता. मराठीने ‘विमुक्त’ शब्द घेतला. आधी बंधन होते, ते सुटले, हे दोन्ही त्यात आले. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांना आजही शिकण्यासारखा नमुना आहे.

मग नकार नसलेला ‘इन’. पेट्रोल आणि गॅसच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. यातला इन नकाराचा नाहीच. लॅटिनमधला दुसरा, ‘आत’ किंवा ‘जोराने’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, त्याला ‘एबल’ लागले. आपल्याकडे ‘वि’ जसा ‘विफल’मध्ये काढून घेतो आणि ‘विख्यात’मध्ये भर घालतो, तसेच हे. इरिगेशन, इम्पोर्ट, इल्युमिनेट या शब्दांतही तोच. गैरसमजाचा धोका इतका उघड होता की अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला, आणि धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय खुणांत आज तोच शब्द आहे: पेटणाऱ्या वायूची पाटी लाल, ‘नॉन-फ्लेमेबल’ वायूची हिरवी. आपले टँकर जुन्याच शब्दावर अडले आहेत. शेजारी मराठी-हिंदीत ‘ज्वालाग्राही’ किंवा ‘ज्वलनशील’ असते म्हणून निभावते. इंग्रजांना हसू नये. ‘माझ्या अपरोक्ष त्याने हे केले’ असे म्हणणारे सुशिक्षित मराठी लोक थोडे नाहीत, आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर.

एकाच शब्दाला दोन नकार लागले की भाषा सहसा त्यांच्यात काम वाटून देते. मिसइन्फर्मेशन म्हणजे चुकीची माहिती, डिसइन्फर्मेशन म्हणजे जाणूनबुजून पेरलेली. इम्मॉरल नीतीविरुद्ध, एमॉरल नीतीच्या हिशेबाबाहेर. वाघ एमॉरल असतो. ‘अनइंटरेस्टेड’ कंटाळलेला, ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा निकालात स्वार्थ नाही असा. खटल्यात साक्षीदार दुसरा हवा, पहिला नको. इतिहासात या दोघांनी एकमेकांची जागा घेतलेली आहे आणि आज बोलीत डिसइंटरेस्टेड सर्रास ‘कंटाळलेला’ म्हणून चालतो, हे खरे. म्हणून तिथे मी शुद्धतेचा दंडुका उगारणार नाही. पण लवादाच्या करारात तो शब्द आला तर त्याचा जुना अर्थच लागू होणार.

या सगळ्यावर आक्षेप येईल तो शिक्षकांकडून, आणि तो हलका नाही. खेड्यातल्या मराठी शाळेत इंग्रजीच्या तासिका मोजक्या, शब्दसंपत्ती तुटपुंजी. एका नियमात पन्नास शब्द पदरात पडत असतील तर ते का सोडायचे? शिवाय एका शब्दाचे उत्तर तपासायला सोपे. पहिल्या भागाशी मी अर्धा सहमत आहे. रोजच्या साध्या विशेषणांना लागणारा अन पाचवी-सहावीत अवश्य शिकवावा: फेअर, सेफ, टायडी, वेल. त्यातही एक मर्यादा सांगावी, की हा अन चांगल्या अर्थाच्या शब्दांना लागतो. अनसॅड, अनबॅड असे शब्द बनत नाहीत. स्पेलिंगचा नियमही ठेवावा, कारण तो खरा नियम आहे: लॅटिन इन पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, ल आधी इल, र आधी इर, प-ब-म आधी इम, म्हणून इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल. इंग्रजीचा अन बदलत नाही, म्हणून अनलॉफुल आणि अनरीअल. विशेषण आणि नाम यांत उपसर्ग वेगळे निघतात तेही जोडीने द्यावे: अनेबल पण इनॅबिलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टेबिलिटी. ती नामे लॅटिन-फ्रेंचमधून उपसर्गासकट तयारच आली, एवढे कारण सांगितले तरी मुलांना पुरते.

आठवीपासून मात्र यादी थांबवून मुलांना चार प्रश्न विचारायची सवय लावावी. उपसर्ग काढल्यावर उरलेला शब्द याच अर्थाने जिवंत राहतो का? (‘डिसग्रंटल्ड’ म्हणजे नाराज, पण त्यातला ‘ग्रंटल्ड’ राहत नाही.) मूळ शब्द गुण सांगतो की क्रिया? दोन टोकांच्या मध्ये जागा आहे का? याच शब्दाला दुसरा नकारही लागतो का, आणि लागत असेल तर कोणते काम कुणाकडे? या क्रमाने गेले तर वर आलेले बहुतेक शब्द सुटतात. सुटत नाहीत ते इन्फ्लेमेबल आणि अनक्वालिफाइडसारखे. ते धोक्याचे म्हणून वेगळे पाठ करायचे.

तपासण्याच्या सोयीचा मुद्दा मला मान्य नाही, कारण चांगला प्रश्नही एका गुणाचा करता येतो. ‘रिपोर्टात यकृत अनरिमार्केबल आहे असे लिहिले आहे, रुग्णाने काय समजावे?’ चार पर्याय. ‘टाकीवर इन्फ्लेमेबल लिहिले आहे, तिच्याजवळ वेल्डिंग करता येईल का?’ हो किंवा नाही. ‘अनक्वालिफाइड डॉक्टर आणि अनक्वालिफाइड पाठिंबा, यांपैकी स्वीकारण्याजोगे कोणते?’ एक टिचकी. शेवटी ‘अनलॉकेबल’ देऊन दोन अर्थांची दोन वाक्ये मागावीत, दोन गुण. तपासनिसाचा वेळ तेवढाच जाईल.

शाळेबाहेरचे काम शासनाचे आहे. 1960 पासून भाषा संचालनालय परिभाषा कोश करत आले आहे, आणि त्यांतले पुष्कळ शब्द नेमके आहेत. तंटा कोशाशी नाही, छापील नमुन्यांशी आहे. तिथे उपसर्गाला उपसर्ग बसवून गाडी पुढे जाते, आणि वाचणाऱ्याला मिळतो तो एक ‘अ’, जो कधी विरोध असतो, कधी अन्यत्व, कधी काढून घेणे. ‘अनारक्षित’ जागेचे उदाहरण घ्या. ती खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राखीव आहे असे कित्येक अर्जदार समजतात. खुला प्रवर्ग सर्वांना खुला आहे आणि तिथे निकष गुणवत्तेचा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सौरव यादव प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले, तरी जाहिरातींतला शब्द तसाच उघडा राहिला. जिथे शब्द बदलणे शक्य नाही तिथे त्याखाली एक ओळ तरी छापावी. अनारक्षित: कोणत्याही प्रवर्गातील उमेदवार गुणवत्तेनुसार पात्र. अदखलपात्र: तक्रार नोंदली आहे, पुढील तपासासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येईल. आणि अटकेची माहिती नातेवाइकांना देताना जो कागद हाती पडतो त्यावर, ‘अजामीनपात्र’च्या खाली: जामिनासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.